नवा कंपाउंड बो 300 बाणांनंतर झणझणायला लागला, तर आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की नवा कोरा शिकारीचा कंपाउंड बो (टोकांना कॅम म्हणजे चाकं असलेलं धनुष्य), ओढायला 70 पाउंड जोर, 28 इंच ड्रॉ (ओढायची लांबी), 370 ग्रेन वजनाचे बाण, दीड महिन्यात साधारण 300 शॉट झालेत. सुरुवातीला शांत होता, आता बाण सुटला की तळहातात झिणझिण्या येतात, वरच्या बाजूला कुठेतरी भणभण होते, पीप (स्ट्रिंगमधलं नेम धरायचं भोक) थोडं फिरलंय, रोलरपाशी केबल (कॅमना जोडणारी दोरी, रोलर म्हणजे ती सरकते ते चाक) पिंजल्यासारखी दिसतेय आणि खालच्या लिम्बवर (बोच्या वाकणाऱ्या पात्यावर) पॉकेटजवळ (ते पातं जिथे बसवलेलं असतं तिथे) एक बारीक पांढरी रेघ आहे. मित्राचा तेवढ्याच वजनाचा बो मात्र हातात हूं की चूं करत नाही. तुम्ही विचारताय, बो खराब निघाला का, डॅम्पनर (थरथर शमवणारं रबर) लावून भागेल का, आणि फोनने ही थरथर बघता येईल का.

(लिम्ब लिहिताना मी मुद्दाम म जोडून लिहितो, नाहीतर फोन त्याचं लिंबू करतो.)

माझं काम बो दुरुस्तीचं, टेबलावर रोज दोन-चार बो येतातच, आणि तुमच्यासारखी यादी घेऊन येणारे बरेच असतात. बहुतेक वेळा त्या पाच तक्रारींतल्या दोन-तीन एकाच कारणाच्या निघतात आणि पाचवीचा बाकीच्यांशी संबंधच नसतो. तुमच्या यादीत ती पाचवी म्हणजे ती पांढरी रेघ. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलतो, आणि तिचा निकाल लागेपर्यंत कृपा करून एकही बाण सोडू नका, नुसता ओढूनही बघू नका. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालतंय.

रेघ दोन प्रकारची असते. एक नुसती रंगातली. लिम्बवर कॅमोची (जंगलासारख्या नक्षीची) फिल्म किंवा पेंट आणि वर क्लिअर कोट असतो, लिम्ब वाकतो आणि कोट तेवढा वाकत नाही म्हणून पॉकेटच्या तोंडाशी, जिथे वाकण सुरू होतं तिथे, केसासारखी रेघ पडते. ती दिसायला वाईट पण निरुपद्रवी. दुसरी आतल्या फायबरमधली, आणि ती खरंच घातक. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसू शकतात म्हणून नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका. मी असं करतो: खोलीतला दिवा बंद, टॉर्च लिम्बला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, म्हणजे जरा जरी पापुद्रा उठलेला असेल तर त्याची सावली पडते. मग कापसाचा बोळा घेऊन लिम्बच्या दोन्ही कडांवरून टोकापासून पॉकेटपर्यंत आणि परत उलट्या दिशेने हलकेच फिरवायचा. उलट्या दिशेने फिरवणं लोक विसरतात, आणि कूस (बारीक कुसळ) एकाच बाजूने उठलेली असेल तर एका दिशेने काहीच सापडत नाही. कापसाचे धागे जिथे अडकतील तिथे काहीतरी उसवलंय असं समजा. उघडं बोट फिरवू नका, काच किंवा कार्बनची कूस कातडीत घुसली तर काढता काढता नाकी नऊ येतात.

रेघ आडवी आहे, कडेपर्यंत जात नाही, कापूस अडकत नाही, नखाला पायरी लागत नाही, तर बहुतेक रंगच. तरी तिच्या दोन्ही टोकांना बारीक पेनने खूण करा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, पुढे वाढली तर कळेल. रेघ उभी आहे, म्हणजे लिम्बच्या लांबीच्या दिशेने धावतेय, कडेतून सुरू होतेय, किंवा कापूस अडकला, तर बो थेट डीलरकडे, आणि बोल्ट स्वतः सैल करायच्या फंदात पडू नका. लिम्ब चिकटवून दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो, आणि बऱ्याचदा एकटा बदलत नाहीत, जोडी किंवा सेट बदलतात कारण दोन्ही बाजूंचा ताठपणा जुळवलेला असतो. वॉरंटीत असेल तर डीलर विचारेलच, पण त्याआधी तुम्हीच घरात विचारा, कुणी बाण न लावता ओढून सोडला होता का. ड्राय फायर झालेला बो खूपदा वरून धडधाकट दिसतो आणि घरातलं कुणी कबूल करत नाही. तडकलेल्या नॉकमुळेही (बाणाच्या शेपटाची खाच, जी स्ट्रिंगवर बसते) तेच होतं, बाण लावलेला असतो पण नॉक फुटली की स्ट्रिंग रिकामीच पुढे जाते. माझ्या स्वतःच्या हातून एकदा झालंय, नॉक न तपासता लावली, आणि तो आवाज अजून कानात आहे.

आता झणझणीकडे येऊ. इथे बहुतेक लोक दोन गोष्टींचा गोंधळ करतात. बो मुळात किती थरथरतो हा एक प्रश्न, आणि आधी थरथरत नव्हता तो आता का थरथरतोय हा वेगळाच प्रश्न. पहिल्याचं उत्तर डिझाइनमध्ये आणि तुमच्या बाणाच्या वजनात आहे. दुसऱ्याचं उत्तर काय सैल झालं, काय लांबलं, काय घासतंय यात आहे. तुमचा मुख्य प्रश्न दुसरा आहे, पण मित्राच्या बोशी तुलना करून तुम्ही स्वतःच पहिल्यात शिरलात, म्हणून दोन्ही बघू.

पहिला आधी उरकतो. लिम्बमध्ये साठलेली सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. थोडी घर्षणात जाते आणि उरलेली बोमध्येच राहते, तीच पुढे स्ट्रिंग, केबल, लिम्ब आणि तुमचा हात हलवते. बाण हलका असेल तर तो कमी घेऊन जातो, जास्त मागे उरतं. जाहिरातीतला वेग 70 पाउंड, 30 इंच आणि 350 ग्रेनच्या बाणावर मोजलेला असतो, म्हणजे पाउंडाला 5 ग्रेन, आणि बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये बाणाच्या वजनाची खालची हद्दही हीच असते. म्हणजे तो आकडा अगदी काठावरचा आहे. तुमचं गणित 370 भागिले 70, साधारण 5.3. चालतंय, पण काठाच्या जवळच आहात.

हे स्वतः मोजता येतं. क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर हलका आणि जड अशा दोन बाणांचा वेग घ्या. ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग, भागिले 450240, की फूट-पाउंडात ऊर्जा मिळते. उदाहरण म्हणून धरा की एका बोने 350 ग्रेनचा बाण 340 ने फेकला, तर झाले जवळपास 90 फूट-पाउंड. तोच बो 450 ग्रेनचा 303 ने फेकतो, तर झाले जवळपास 92. दोनचा फरक बघून वाटेल की त्यात काय एवढं, पण बोमध्ये एकूण 105 साठत असतील तर आधी मागे 15 उरत होते आणि आता 13, म्हणजे मागे उरणाऱ्यात आठवा हिस्सा कमी झाला. तो फरक हाताला बरोबर कळतो. मित्राला विचारा त्याचा बाण किती ग्रेनचा आहे. साडेचारशेच्या पुढचा निघाला तर अर्धं कोडं तिथेच सुटलं. आणि हो, त्याचेच बाण उचलून तुमच्या बोवर मारून बघू नका, लांबी आणि स्पाइन (बाणाचा ताठपणा) तुमच्या ड्रॉला जुळतंय का ते आधी बघा, आखूड बाण रेस्टच्या (बाण टेकवायच्या आधाराच्या) मागे घसरला तर जीवावर बेतेल.

बाकी डिझाइनच्या गोष्टी तुम्ही बदलू शकत नाही. फुल ड्रॉला (पूर्ण ओढल्यावर) ज्याचे लिम्ब एकमेकांना समांतर किंवा त्याहूनही पुढे वळलेले असतात त्या बोचे लिम्ब सुटताना एक वर एक खाली जातात आणि एकमेकांचा धक्का बराचसा मारतात. वजनदार बो कमी हलतो. मित्राच्या बोवर लांब स्टॅबिलायझर (पुढे लावायची वजनाची दांडी) असेल तर तोही हिशेबात धरा. हे सगळं सारखं नसेल तर तुलनेला फारसा अर्थ नाही.

आता मुख्य भाग. 300 शॉटनंतर आवाज का बदलतो? माझ्या अनुभवात नव्या बोचं सगळ्यात आधी काही बदलत असेल तर ती स्ट्रिंग आणि केबल. आजकालच्या स्ट्रिंग बहुतेक डायनीमा आणि व्हेक्ट्रान या दोन धाग्यांच्या मिश्रणाच्या असतात. डायनीमा मजबूत पण सतत ताणाखाली, त्यातून उष्णता असेल तर, हळूहळू लांबतो आणि परत येत नाही. व्हेक्ट्रान जवळजवळ लांबत नाही पण घासणं सहन करत नाही. म्हणून दोघांची मोट बांधलेली. कारखान्यात स्ट्रिंग ताणून देतात, तरी पहिल्या शंभर-दोनशे बाणांत ती थोडी बसतेच. पीप फिरलं ते त्याचमुळे. आता बघा साखळी कशी लागते: केबल जराशी लांबली की लिम्ब थोडे सैल होतात, अॅक्सल ते अॅक्सल (म्हणजे दोन्ही कॅमच्या आसांमधलं) अंतर वाढतं, ड्रॉ वेट (ओढायचा जोर) उतरतं, ड्रॉ लेंथ किंचित वाढते. दोन्ही केबल सारख्या लांबल्या तर बरं, पण एक जास्त लांबली तर वरचा-खालचा कॅम पुढेमागे पडतात. मग सुटताना एक कॅम आधी थांबतो, दुसरा नंतर, नॉक वर-खाली ओढली जाते, आणि जो धक्का दोन्ही बाजूंनी एकमेकांना मारायला हवा होता तो उरतो आणि तुमच्या तळहातात येतो. तिकडे स्ट्रिंग लांबल्याने ब्रेस हाइट (ग्रिप ते स्ट्रिंग अंतर) कमी झाली तर स्ट्रिंग स्टॉपरवर (स्ट्रिंग थांबवणाऱ्या रबरी टोकावर) जास्त दाबली जाते आणि तिथून वेगळी टणटण. म्हणजे पीप, झिणझिण्या आणि ही टणटण, ही तीन दुखणी नसून एकच असू शकतं.

हे तपासायला मी ड्रॉ बोर्ड वापरतो. एक लाकडी किंवा लोखंडी पट्टी, एका टोकाला बो अडकवायचा, दुसऱ्या टोकाला हातविंच, सावकाश फुल ड्रॉपर्यंत ओढायचं आणि बघायचं की दोन्ही कॅमचे स्टॉप एकाच क्षणी टेकतात का, यालाच टायमिंग म्हणतात. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही दिसतो. दुरुस्ती सोपी असते, केबलला अर्धा-एक पीळ वाढवायचा किंवा कमी करायचा, पण ती बो प्रेसवरच (लिम्ब दाबून स्ट्रिंग-केबल सैल करणारं यंत्र). प्रेसशिवाय घरगुती जुगाड करून केबल काढायला जाऊ नका. दुकानात सांगा, माझ्यासमोर ड्रॉ बोर्डवर टायमिंग दाखवा. चांगला माणूस आनंदाने दाखवतो. प्रेसवर बो चढलाच आहे तर ताण काढल्यावर कॅम बोटाने हलवून बघायला सांगा, बेअरिंग गुळगुळीत फिरतं की आत वाळू भरल्यासारखं करकरतं, आणि अॅक्सलच्या दोन्ही टोकांच्या क्लिप जागेवर आहेत का. क्लिप निघाली की अॅक्सल बाजूला सरकायला लागतो, आणि ते ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

भणभणीचं मात्र वेगळं. हाताला येणारा जड धक्का आणि कानाला येणारी बारीक भणभण यांचा उगम सहसा एक नसतो. भणभण नव्वद टक्के वेळा कुठल्यातरी स्क्रूची असते (हा टक्का माझ्या टेबलावरचा, कुणी मोजलेला नाही). एकदा एक जण बो घेऊन आला, लिम्बवर चार, स्ट्रिंगवर दोन, स्टॅबिलायझरवर एक असे रबराचे गोळे लावून. तरी भणभण तशीच. मीही अर्धी संध्याकाळ लिम्ब पॉकेटमध्ये कान घालून बसलो. शेवटी कंटाळून क्विव्हर (बोवरचा बाणांचा भाता) काढलं आणि आवाज बंद. क्विव्हर ठीक होतं, त्याच्या झाकणातल्या फोममध्ये एका बाणाचं टोक सैल बसलं होतं, दर शॉटला ते झाकणाच्या प्लास्टिकवर वाजायचं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, दुसरं काय.

तेव्हापासून मी उलटा चालतो. आधी सगळं उतरवायचं, क्विव्हर, स्टॅबिलायझर, साइट (नेम धरायचं उपकरण), डॅम्पनर, फक्त रेस्ट ठेवायचा कारण बाण ठेवायला काहीतरी लागतंच. जवळून, भरभक्कम टार्गेटवर, एकच बाण वापरून तीन शॉट. शांत झाला? मग एकेक वस्तू परत लावायची, प्रत्येकीनंतर तीन शॉट. ज्या वस्तूबरोबर आवाज परत आला ती चोर. उघड्या बोवरही आवाज राहिला तर मग लिम्ब पॉकेट, मॉड्यूलचे (कॅमवरच्या, ड्रॉ लेंथ ठरवणाऱ्या तुकड्याचे) स्क्रू, ग्रिपच्या पट्ट्या, केबल गार्डचा (केबल बाजूला धरणाऱ्या दांडीचा) बोल्ट. शॉट न मारताही थोडं कळतं, बो हातात धरून स्ट्रिंगला बोटाने टिचकी मारायची आणि दुसऱ्या हाताने एकेक भाग दाबत जायचं, जिथे दाबल्यावर आवाज बंद होतो ती जागा. ड्रॉप-अवे (शॉटला खाली पडणारा) रेस्ट असेल तर त्याची काडी खाली आपटून परत उसळते का तेही बघा, तिथे फेल्टचा तुकडा पुरतो. स्क्रू सापडला की पुसून निळं थ्रेडलॉकर (स्क्रूचा गोंद) एक थेंब, लाल नको, लाल लावलं तर पुढे उघडताना बोंब. मग स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीवर जाईल अशी पांढऱ्या पेंट पेनची एक रेघ मारा, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की तो फिरला. लिम्ब बोल्टला थ्रेडलॉकर मात्र मनाने लावू नका, तिथे मॅन्युअल सांगेल तसंच.

आता केबल. रोलरपाशी पिंजलीय म्हणताय, तर आधी नखाने हलकं खरवडून बघा की पिंजलेलं वरचं सर्व्हिंग (केबलभोवती गुंडाळलेला रक्षक दोरा) आहे की आतले धागे. सर्व्हिंग नुसतं लव सुटल्यासारखं असेल तर घाबरण्यासारखं नाही. आतल्या धाग्यांना लव आली असेल तर मेण लावा, बोटाने चोळून गरम करा म्हणजे आत मुरेल, आणि जास्तीचं काढायला एका दोऱ्याचा वेढा केबलभोवती घालून ओढत न्या. लव बसली आणि पुढच्या पन्नास बाणांत परत आली नाही तर विषय संपला. पण एखादा धागा तुटलेला दिसला तर केबल बदलायची, 24 धाग्यांतला एकच आहे वगैरे हिशेब करत बसायचं नाही.

पण पिंजलीय कशामुळे हे शोधल्याशिवाय नवी केबल घालू नका. एकाने सहा महिन्यांत दोनदा केबल बदलली, दोन्ही वेळा तिथेच पिंजली, आणि तो स्ट्रिंग बनवणाऱ्याला शिव्या देत होता. मी रोलरच्या कडेला पेंट पेनने एक ठिपका दिला, बो ड्रॉ बोर्डवर घेतला, पूर्ण ओढला, सोडला. ठिपका जागचा हललाच नाही. रोलर जाम होता, केबल त्यावरून घरंगळायच्या ऐवजी फरफटत होती, खाली गार्डवर केबलच्या रंगाची बारीक पूडही पडलेली होती जी कुणी बघितलीच नव्हती. तुमच्या बोवर हा ठिपका आधी लावून बघा. रोलर फिरत असेल तर पुढचा संशय सर्व्हिंग आखूड पडण्याचा, म्हणजे ओढताना केबल जेवढी सरकते त्या प्रवासात सर्व्हिंगचं टोक रोलरवर येतं आणि उघडे धागे घासतात. ते परत सर्व्ह करून मिळतं. कॅमच्या खाचेत पिंजत असेल तर खाचेत धातूची कूस असू शकते, जुनी नायलॉनची पायमोज्याची पट्टी खाचेतून ओढली की लगेच अडकते.

डॅम्पनरचं विचारलंत. लावा, पण सगळ्यात शेवटी. रबर थरथर लवकर शमवतं, कारण दूर करत नाही, आणि आधीच लावलं तर उद्या काही नवीन सैल झालं तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. फुकटातला उपाय म्हणजे स्ट्रिंग स्टॉपर, तो स्ट्रिंगला दाबून बसलेला नको, मध्ये जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठेवा, मॅन्युअलमध्ये वेगळं माप असेल तर ते. टायमिंग आणि ब्रेस हाइट जागेवर आणल्यानंतरच ही फट लावा, आधी लावलीत तर परत बिघडणार. आणि ग्रिप तपासा. मूठ आवळून धरली की सगळा धक्का मनगटात येतो, सैल हाताने आणि स्लिंग (मनगटाचा पट्टा) लावून तोच बो वेगळाच वाटतो. बरेच जण बो नवा म्हणून धाकाने घट्ट धरतात.

फोनबद्दल पण विचारलंय म्हणून, फोनच्या स्लो मोशनमध्ये 240 फ्रेम मिळतात, म्हणजे 4 मिलिसेकंदाला एक, आणि बाण स्ट्रिंगवर असतो साधारण 15 मिलिसेकंद, म्हणजे तीन-चार चित्रं. त्यात बारीक थरथर दिसणार नाही, पण स्टॅबिलायझर डुलतोय, क्विव्हर हलतंय, रेस्ट उसळतोय हे छान दिसतं. फोन बोला बांधून अॅपवर कंपनाचा आलेख काढणारे आहेत, त्यांना माझा नमस्कार, फोनचा सेन्सर त्या वेगासाठी पुरत नाही आणि फोनचं वजन लावल्यावर तो बो तो राहतच नाही. एक बारीकशी गोष्ट, हाताला कळणारी थरथर बहुतांशी बाण सुटून गेल्यानंतरची असते, त्यामुळे ग्रुप फाकतोय (बाण एका जागी लागत नाहीत) याचा दोष थेट तिला देऊ नका. ती साइटचा स्क्रू सैल करते आणि मग ग्रुप सरकतो, हा आडमार्ग खरा.

टायमिंग करून घेतलंत की त्याच दिवशी पाच आकडे लिहून ठेवा, अॅक्सल ते अॅक्सल, ब्रेस हाइट, वर आणि खालचं टिलर (लिम्बच्या मुळापासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर), आणि तराजूवरचं ड्रॉ वेट. शक्यतो लिम्बच्या आतल्या बाजूला टेपवरच लिहा, वही हरवते. परत 100 बाणांनी मोजा, मग 300 ला. अॅक्सलचं अंतर दीड-दोन मिलिमीटरने किंवा वजन दोन पाउंडांनी हललं तर परत प्रेस. नाही हललं तर स्ट्रिंग बसली, आता महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे. बो बंद गाडीत उन्हात ठेवत असाल तर ही सगळी मापं फुकट, तिथे स्ट्रिंगही लांबते आणि लिम्बचे थरही सुटू शकतात.

तर आत्ता फक्त दोन कामं करा. लिम्बवर कापूस आणि टॉर्च, म्हणजे ती रेघ आडवी की उभी हे कळेल. लिम्ब निर्धास्त निघाला तरच पुढचं, ड्रॉ बोर्डवर रोलरचा ठिपका आणि टायमिंग. मित्राच्या बाणाचं वजनही कळवा, माझा अंदाज 450 च्या वर आहे.